एक लिटर म्हणजे किती?

दवाखान्याच्या औषधखिडकीपुढे रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक बाई, खांद्यावर लहान पोर. पोराची मान सैल पडलेली, डोळे उघडे पण कशातच लक्ष नसलेले. खिडकीतल्या मुलीने ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या, दोन पुड्या पुढे सरकवल्या आणि एका दमात सांगून टाकलं, "मावशी, एक लिटर पाण्यात अख्खी पुडी घालायची, थोडं थोडं पाजत राहायचं, दुसऱ्या दिवशी उरलं तर टाकून द्यायचं. चला, पुढचे या." बाई जागच्या हलल्या नाहीत. "एक लिटर म्हणजे किती?" मुलगी गडबडली. "लिटर म्हणजे… लिटर हो!" म्हणत तिने दोन्ही हातांनी हवेत एक उंची दाखवली. मागच्या एका गृहस्थांनी आपली पाण्याची बाटली वर धरली, "ही भरली की एक लिटर." "अशी बाटली नाही माझ्याकडे. भांडं आहे." "मग भांड्यात किती मावतं?" "तेच तर विचारतेय ना, दादा." मागून कुणीतरी हसलं. कुचकं हसणं नव्हतं ते, पण बाईंनी पुड्या मुठीत घेतल्या, पोर दुसऱ्या खांद्यावर टाकलं आणि निघून गेल्या. रांग सरकली.

खिडकीशेजारी भिंतभर पोस्टर होतं. हसरी आई, गुटगुटीत बाळ, नळाची चकचकीत धार, खाली ओळीने पाच-सहा संस्थांची बोधचिन्हं. त्या बाळाला बघून त्याला जुलाब होत असतील असं स्वप्नातही वाटलं नसतं. आणि मधोमध, ठसठशीत अक्षरांत, 'एक लिटर पाणी'. म्हणजे माहिती दिलेली होती. छापलेली होती, तोंडी सांगितलेली होती, फुकट मिळालेली होती. कुठल्याही अहवालात त्या दुपारची नोंद 'लाभार्थीस समुपदेशन केले' अशीच झाली असती आणि ती खोटीही ठरली नसती.

बाईंचा प्रश्न भाबडा मुळीच नव्हता. पुडीतल्या साडेवीस ग्रॅम पांढऱ्या भुकटीचा सगळा खेळ पाण्याच्या मापावर आहे. त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. कॉलऱ्याने आतड्याची दाणादाण उडाली तरी त्याच्या अस्तरातला एक मार्ग शाबूत राहतो. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. हे प्रमाण जमलं तर मरणाच्या दारातलं मूल काही तासांत डोळे फिरवून आईकडे बघायला लागतं. पाणी जास्त झालं तर द्रावण फिकं पडतं. पाणी कमी पडलं तर मात्र खारट द्रावणाने आधीच सुकलेल्या मुलाच्या रक्तात सोडियम वाढतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. पुडी पुरवून वापरावी म्हणून निम्मी पेल्यात घालणारी आई आणि लवकर गुण यावा म्हणून अख्खी पेल्यात घालणारी आई, दोघी आपापल्या परीने शहाणपणाच करत असतात. मापाचा प्रश्न विचारणारी ती बाई त्या रांगेत सर्वांत शास्त्रीय वृत्तीची व्यक्ती होती असं मला आता वाटतं.

या पुडीचा इतिहास मी नंतर पुन्हा एकदा उकरून वाचला. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत पश्चिम बंगालमधल्या, सीमेजवळच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा फुटला होता. दिलीप महालनबीस नावाचे तरुण बालरोगतज्ज्ञ तिथे पोहोचले तेव्हा रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर पडलेले होते, आणि त्यांच्यापर्यंत जायचं तर मळात आणि वांतीत गुडघे टेकूनच. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. मीठ आणि ग्लुकोजचं द्रावण तोंडाने देण्याचे प्रयोग तोवर झाले होते, पण ते डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, मोजूनमापून. इथे महालनबीसांनी कलकत्त्याला क्षार तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घेतले, पिशव्यांची तोंडं चक्क गरम इस्त्रीने बंद केली, छावणीत ड्रममध्ये द्रावण कालवलं आणि रुग्णाच्या आईच्या, बहिणीच्या, नवऱ्याच्या हातात पेला दिला. पाजत राहा. शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. भल्याभल्या तज्ज्ञांना हे पटायला वेळ लागला. इतका गंभीर आजार, आणि त्यावर अडाणी नातेवाइकांनी पाजलेलं मीठ-साखरेचं पाणी? पुढे १९७८मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचारामागच्या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं.

मला त्या कहाणीतला वेगळाच तपशील आवडतो. महालनबीसांच्या चमूने द्रावण कसं करायचं याची पत्रकं सीमेवर वाटली, आणि तीच कृती एका गुप्त बांगलादेशी रेडिओ केंद्रावरून प्रसारित झाली. युद्ध चालू आहे, केंद्राचा ठावठिकाणा शत्रूला कळू द्यायचा नाही, आणि त्या केंद्रावरून सांगताहेत काय, तर पाण्यात मीठ किती, साखर किती. आरोग्याची माहिती इतक्या अधीरपणे, इतक्या गरजेपोटी हवेत सोडली गेल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

त्याच साली, १९७१च्या अखेरीला, इराकमध्ये याच्या नेमकं उलटं घडत होतं. दुष्काळाने शेतकरी गांजले होते म्हणून सरकारने परदेशातून बियाणं मागवलं. गहू मेक्सिकोहून आला. बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याचं विषारी औषध चोळलेलं होतं आणि ओळखू यावा म्हणून लालसर रंग दिलेला होता. पोत्यांवर इशारा होता, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. कवटी आणि हाडांची फुलीही होती, पण ती खूण म्हणजे विष हे ज्याला कधी कुणी सांगितलंच नाही त्याच्यासाठी ते एक चित्र. पेरणीचे दिवस बऱ्याच ठिकाणी उलटून गेले होते आणि घरात पीठ नव्हतं. आपण सहज म्हणतो, लोकांनी अज्ञानापोटी ते धान्य खाल्लं. जरा जवळ जाऊन बघितलं तर वेगळं दिसतं. काहींनी गहू धुतला, रंग उतरला, म्हणजे औषधही उतरलं असा तर्क केला. काहींनी आधी कोंबड्यांना घातला, काही दिवस वाट पाहिली, कोंबड्या ठणठणीत. याला प्रयोग नाही तर काय म्हणायचं? फक्त मिथाइल-मर्क्युरी, म्हणजे गव्हाला चोळलेलं ते पाऱ्याचं विष, आपले दात आठवड्यांनंतर दाखवतं, ही एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती आणि पोत्यावरही ती लिहिलेली नव्हती. मग हातापायांना मुंग्या, चालताना झोकांड्या, नजरेचं वर्तुळ आक्रसत जाणं. ६,५३० माणसं रुग्णालयांत दाखल झाली, त्यांतली ४५९ तिथेच गेली. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेल्यांचा हिशेब वेगळा.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की 'माहितीचा अभाव' या शब्दप्रयोगाचा मला राग येऊ लागतो. परिषदांत, निधीच्या प्रस्तावांत तो इतका गुळगुळीत झालाय की कुणाकडे अभाव आहे हेही सांगावं लागत नाही. गृहीत असतं की माहिती वर आहे, अज्ञान खाली आहे, आणि प्रश्न फक्त नळ जोडण्याचा आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची गोष्ट तर खालून वर गेलेल्या माहितीची आहे. १९७८-७९मध्ये तिथल्या लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा झाले. जर्मन संशोधकांनी ते तपासले आणि १९८२मध्ये एका युरोपीय नियतकालिकात निबंध छापला. काही नमुन्यांत इबोला या जीवघेण्या विषाणूच्या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) खुणा सापडल्या होत्या. निष्कर्ष स्पष्ट होता: लायबेरियाला इबोलाच्या प्रदेशात धरायला हवं, आणि तिथल्या आरोग्य केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांनी असा रुग्ण कधीही समोर येऊ शकतो हे ध्यानात ठेवून सज्ज राहावं. सल्ला ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही. बत्तीस वर्षांनी, २०१४मध्ये, इबोला आला. त्याच्या पुढच्या वर्षी लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून ही जुनी हकीकत जगापुढे ठेवली. अशा निबंधांच्या लेखकांत एकही लायबेरियन शास्त्रज्ञ नव्हता. आणि २०१५मध्येही यातला एखादा निबंध उतरवून घ्यायचा तर तिथल्या डॉक्टरला पंचेचाळीस डॉलर मोजावे लागत होते, म्हणजे साधारण अर्ध्या आठवड्याचा पगार.

रक्त तिथल्यांचं, रोगाचं निदान तिथल्यांचं, आणि ते वाचायला पैसे तिथल्यांनीच भरायचे.

आता, तो निबंध लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, कुणी वाचला असता तर सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. यादवी युद्धांनी पिळून निघालेला देश, बोटांवर मोजता येतील इतके डॉक्टर, हातमोज्यांची मारामार. कागदावरच्या एका ओळीने काय झालं असतं? पण पश्चिम आफ्रिकेत ताप, उलट्या आणि जुलाब घेऊन आलेल्या पहिल्या रुग्णांना मलेरिया किंवा कॉलरा किंवा लासा ताप समजून हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मनात शंकेची एक फट तरी असती. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून ११,३००हून अधिक माणसं गेली. त्यांत पाचशेहून अधिक आरोग्य कर्मचारी होते. एका फटीने त्यांतले किती वाचतात याचं गणित मांडता येत नाही, आणि म्हणूनच कदाचित ते कुणी मांडायला जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने बड्या प्रकाशकांना सोबत घेऊन २००२मध्ये 'हिनारी' नावाची योजना सुरू केली, गरीब देशांतल्या संस्थांना वैद्यकीय नियतकालिकं मोफत किंवा नाममात्र दरात वाचायला मिळावीत म्हणून. चांगली योजना. हजारो संस्थांना तिचा उपयोग झाला. पण तिच्यातही प्रकाशकांच्या बाजारपेठेची गणितं आहेत. भारत आकाराने मोठा, ग्राहक म्हणून कामाचा, तेव्हा तो तिच्या यादीत नाही. तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरच्या खिशाला देशाची बाजारपेठ मोठी असल्याचा काय उपयोग, हे विचारायची सोय नाही. अर्थात शोधनिबंध फुकट झाले म्हणजे ज्ञान वाहू लागलं असंही नाही. 'निष्कर्षांवरून असे सूचित होते की' अशा वाक्यांतून रात्रपाळीच्या परिचारिकेने काय उचलायचं?

पण पैशाच्या भिंतीपेक्षा मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट: खरं बोलण्याची किंमत. नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी करोनाचा एक नवा, विचित्र उत्परिवर्तनांनी भरलेला प्रकार हेरला आणि लपवाछपवी न करता लगेच जगाला कळवलं. २६ नोव्हेंबरला त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळालं. बक्षीस काय, तर बघता बघता देशोदेशींनी दक्षिण आफ्रिका आणि शेजारच्या देशांची विमानं बंद केली. थोड्याच दिवसांत उघड झालं की नेदरलँड्समध्ये त्याआधी घेतलेल्या नमुन्यांतही तोच विषाणू होता. ज्यांनी बघितलं आणि सांगितलं ते कोंडले गेले. बातमीमुळे आपली फळं, मासळी, पर्यटक, सगळं बंदरातच अडकणार हे दिसत असताना एखादा आरोग्यमंत्री साथीची खबर दोन आठवडे दाबून धरतो, तेव्हा त्याला शिव्या घालण्याआधी हा प्रसंग आठवावा. दाबणं चूकच, त्याने माणसं मरतात. पण सांगणाऱ्याला आपण नेहमी काय दिलंय?

इंडोनेशियाने तर २००७मध्ये उघडच पवित्रा घेतला. बर्ड फ्लूचे विषाणू आमच्या माणसांच्या शरीरातून तुम्ही घेणार, त्यावरून श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस बनवणार, आणि ती लस आम्हाला परवडणार नाही. मग नमुने देतच नाही, असं आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी ठणकावलं. जगाने डोक्याला हात लावला, साथीशी जुगार म्हणून टीका झाली, आणि ती पूर्ण अस्थानीही नव्हती. पण त्या अडवणुकीतूनच २०११चा, साथीच्या फ्लूचे विषाणू आणि त्यांचे लाभ वाटून घेण्याचा आराखडा निघाला. पुढे मे २०२५मध्ये महासाथींविषयीचा जागतिक करार मंजूर झाला, तेव्हाही नेमका हाच भाग, नमुने कोण देणार आणि बदल्यात काय मिळणार, पुढच्या वाटाघाटींवर सोडून द्यावा लागला. माहिती वाटून घ्यावी याला कुणाचाच विरोध नसतो. वाटून काय घ्यायचं आणि आधी कुणी द्यायचं इथे घोडं अडतं.

इबोलाच्या साथीतली सुरुवातीची पत्रकं बघावीत. इबोला खरा आहे, इबोला मारतो, त्यावर औषध नाही. सगळं त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे बरोबर. घरातला माणूस तापाने फणफणलाय आणि सरकार सांगतंय औषध नाही, तर त्याला त्या प्लास्टिकच्या तंबूत कशाला न्यायचं? तोंड झाकलेल्या अनोळखी माणसांच्या हातात मरायला? लोकांनी आजारी माणसं लपवली, प्रेतं रात्री पुरली. लवकर आलात, शरीरातलं पाणी आणि क्षार भरून निघाले, तर वाचण्याची आशा वाढते, हा सूर नंतर आला. अंत्यविधी बंद करा असं सांगण्याऐवजी घरच्यांना लांबून प्रार्थना करू द्या, कबर दाखवा, नाव लिहा, असं ठरलं तेही नंतर. तोवर सप्टेंबर २०१४मध्ये गिनीतल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी ठार केलं होतं. त्यांत आरोग्य कर्मचारी होते, पत्रकार होते. ही माणसं रोग घेऊन आली आहेत असा त्या भागात संशय होता. त्या हत्यांचं समर्थन करायला माझ्याकडे एक शब्द नाही. तरी हेही दिसतं की वर्षानुवर्षं ज्या सरकारने दवाखाना दिला नाही, रस्ता दिला नाही, ते अचानक गाड्या भरून फवारे आणि कर्णे घेऊन येतं, तेव्हा गावाने कशावर विश्वास ठेवायचा?

संशयाला दर वेळी अंधश्रद्धा म्हणणं सोयीचं असतं. २०११मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादला ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने हेपॅटायटिस बीच्या लसीकरणाचा बनाव रचला. घराघरांत लस टोचायला येणारी माणसं हेर असतात ही अफवा त्या दिवसापासून अफवा राहिली नाही. नंतरच्या वर्षांत पाकिस्तानात पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१४मध्ये व्हाइट हाउसने लेखी कळवलं की यापुढे लसीकरणाचा असा वापर होणार नाही. ते पत्र कुठल्या दारावर वाचून दाखवायचं होतं, कोण जाणे.

विश्वासाची दुसरी बाजूही आहे. सोमालियातल्या मेर्का शहरात अली माओ मालीन हा तरुण रुग्णालयात स्वयंपाकी होता. १९७७च्या ऑक्टोबरमध्ये देवी झालेल्या दोन मुलांना घेऊन चाललेल्या गाडीला वाट दाखवायला तो बसला, काही मिनिटांचा प्रवास, आणि त्याला देवी आल्या. निसर्गतः देवीची लागण झालेला तो जगातला शेवटचा रुग्ण. रुग्णालयात काम करूनही त्याने लस घेतली नव्हती, कारण साधं: टोचून घ्यायला तो घाबरायचा. तो जगला. पुढे त्याच मेर्कात पोलिओच्या मोहिमेत तो दारोदार फिरायचा आणि कचरणाऱ्या आईबापांना स्वतःचीच गोष्ट सांगायचा, मीही घाबरलो होतो, बघा मला काय झालं. या वाक्यात आकडेवारी नाही, संस्थेचं बोधचिन्ह नाही. स्वतः देवीतून उठलेल्या माणसाला तुम्ही हेर म्हणू शकत नाही. २०१३मध्ये सोमालियात पोलिओ परतला तेव्हा तो पुन्हा कामाला लागला आणि त्याच काळात मलेरियाने गेला.

बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८०पासून दहा वर्षं जे केलं ते मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं, आणि त्यातला शिकण्यासारखा भाग म्हणजे त्यांची फजिती. त्यांनी पुडीच बाजूला ठेवली. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. बाया घरोघर जायच्या, आईला तिच्याच भांड्यात, तिच्याच हाताने द्रावण करायला लावायच्या, आणि त्या भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून ठेवायच्या. महिन्याभराने तपासनीस यायचा, काही घरांत आईला पुन्हा द्रावण करायला सांगायचा, त्याचा नमुना प्रयोगशाळेत जायचा. आईला जितकं बरोबर येई तितका शिकवणाऱ्या बाईचा पगार. किती घरं फिरली याला मोल नाही, मागे काय उरलं याला मोल. आणि तरी हे सगळं चोख जमून आल्यावर लक्षात आलं की आयांना कृती तोंडपाठ आहे, द्रावण अचूक जमतंय, आणि मूल आजारी पडलं की बहुतेकजणी ते वापरतच नाहीत.

मग कुणीतरी आयांना विचारलं. शिकवणाऱ्या बायांनाही विचारलं. निघालं असं की खुद्द शिकवणाऱ्यांचाच द्रावणावर भरवसा नव्हता. स्वतःचं पोट बिघडलं की त्या गोळ्या घ्यायच्या, आणि गावाला काय, सगळं दिसतं. शिवाय पुरुषांना कुणी विचारातच घेतलं नव्हतं. कुणाला औषध आणायचं हे ठरवणारा बाप, गावातला वैदू, मशिदीतले लोक, यांना वाटायचं, बायकांना काहीतरी गुळपाणी शिकवून गेल्या. त्यानंतर कार्यकर्तींना द्रावण शरीरात काय करतं ते नीट समजावलं गेलं, त्या लोकांसमोर आधी स्वतः घोट घेऊ लागल्या, पुरुषांच्या वेगळ्या बैठका सुरू झाल्या. दशकभरात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरं झाली. आज जुलाबात ओआरएस देण्यात बांगलादेश जगातल्या अग्रणी देशांत मोडतो. बाकी जगात जुलाब झालेल्या मुलांपैकी निम्म्यांनाही ते मिळत नाही, पुडी जवळपास सगळीकडे पोहोचलेली असूनही.

का मिळत नाही याचा एक अलीकडचा अभ्यास आहे, २०२४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला, कर्नाटक आणि बिहारमधला. दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांकडे, त्यांत पदवी नसलेलेही आले, संशोधकांनी प्रशिक्षित नट पाठवले. घरी दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत, असं सांगणारे बाप. काहींनी नुसतीच तक्रार सांगितली. काहींनी मोबाइलवर ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवून म्हटलं, मागे हे दिलं होतं. फोटो दाखवल्यावर ओआरएस मिळण्याचं प्रमाण सत्तावीस टक्क्यांच्या फरकाने वाढलं. औषध दुकानात नसणं, डॉक्टरला दुसऱ्या औषधात जास्त पैसे सुटणं, ही कारणं किरकोळ निघाली. सर्वांत मोठं कारण हे की डॉक्टरांना वाटतं, लोकांना ओआरएस नकोच असतं, नुसती पुडी दिली तर काहीच दिलं नाही म्हणतील आणि दुसरीकडे जातील. आणि घरी जाऊन लोकांना विचारलं, तर त्यांच्यातल्या अनेकांना ओआरएसच चांगलं वाटत होतं, पण डॉक्टरांना तसं सांगितलेलं फार थोड्यांनी. डॉक्टरांना कळतंच की, आपण काय बोलायचं.

म्हणजे पुडी चांगली हे खुर्चीतल्या माणसाला ठाऊक आहे आणि स्टुलावरच्या माणसालाही. पन्नास वर्षांची पोस्टरं, रेडिओ आणि शिबिरं वाया गेलेली नाहीत. फक्त त्या अभ्यासात फोटो दाखवणारा बाप नट होता, आणि त्याने काय म्हणायचं ते त्याला आधी शिकवलेलं होतं. आजारी मूल घेऊन आलेला खरा बाप टेबलापलीकडच्या डॉक्टरला "हेच द्या" असं कशाच्या जोरावर म्हणणार, हे मी त्या निबंधात दोनदा शोधलं.